कोयता, कुऱ्हाड व टॉमहॉक (कोकणातील रानकामासाठी निवड)

वाट मोकळी करणे, सरपण तोडणे, आडोसा उभारणे, बांबू चिरणे आणि खाण्याच्या वस्तू सोलणे-कापणे यांसाठी रानात जवळ बाळगायच्या धारदार हत्यारांचा हा गट आहे. कोकणात या कामांसाठी कोयता सर्वांत जास्त वापरला जातो आणि जाड लाकडासाठी कुऱ्हाड लागते. टॉमहॉक हे हलक्या कुऱ्हाडीसारखे उत्तर अमेरिकी हत्यार गिर्यारोहक आणि रानात मुक्काम करणारे हौशी लोक अलीकडे विकत घेतात. मात्र ते ज्या कामासाठी घडले आणि कोकणच्या रानात जे काम पडते, यांत बरेच अंतर आहे.

टॉमहॉक मूळचे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील, अल्गोंक्वियन गटातील भाषा बोलणाऱ्या मूलनिवासी लोकांचे. त्याचे पाते आधी दगडी असे. १७व्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांनी आणलेली लोखंडी पाती रुळली. एका अंगाला धार व दुसऱ्या अंगाला चिलीम असलेला प्रकार भेटीदाखल आणि तहाच्या प्रसंगी देण्याची रीतही पुढे पडली. आजच्या साध्या टॉमहॉकचे डोके साधारण अर्ध्या किलोचे आणि दांडा ४० ते ५० सेंमी. लांब असतो. त्याची खरी खुबी डोक्याच्या छिद्रात आहे. टिकावाप्रमाणे हे छिद्र एका बाजूने निमुळते असते व दांडा वरून घातला जातो; त्यामुळे घाव घालताना डोके सैल होण्याऐवजी अधिकच घट्ट बसते, आणि रानात दांडा मोडलाच तर एखादी सरळ फांदी तासून नवा दांडा बसवता येतो. उणीव धारेची आहे. ती जेमतेम सात ते दहा सेंमी. लांब असल्याने झुडपांवर एका फटक्यात फारसे काही तुटत नाही. फेकण्याच्या खेळासाठी बनवलेली टॉमहॉके तर मऊ पोलादाची आणि जाड धारेची असतात, ती लाकूडतोडीला निरुपयोगी होत. मागच्या अंगाला टोकदार खिळा असलेले लष्करी थाटाचे नमुने दिसायला रुबाबदार असले, तरी हात मागे नेताना तो खिळा स्वतःच्याच अंगाकडे येतो, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

कोकणच्या उतारांवर करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, रानमोडी, कारवी, वेली आणि बांबू यांची दाटी असते. मनगटापेक्षा जाड लाकूड क्वचितच तोडावे लागते, आणि जे तोडायचे ते बहुधा ओले, लवचीक असते. अशा झाडोऱ्यावर जड डोक्याचा घाव पडला की फांदी तुटण्याऐवजी वाकून निसटते. तिथे लांब, पातळ आणि वेगाने फिरणारे पातेच उपयोगी पडते. भाजावळीसाठी, म्हणजे भाताची रोपे करायची जमीन भाजण्यासाठी, ऐन, किंजळ यांच्या फांद्यांची कवळे तोडणारा माणूस झाडावर चढून एका हाताने फांदी धरतो आणि दुसऱ्या हाताने कोयता चालवतो. दोन्ही हात लागणारी कुऱ्हाड तिथे नेऊन उपयोग नाही.

कोयत्याचे पाते पुढे आतल्या बाजूला वळलेले असते. या वळणामुळे वार निसटत नाही, फांदी पात्याच्या पोटात अडकते आणि ओढीबरोबर कापली जाते. त्याचा दुसरा उपयोग तितकाच मोलाचा आहे. तोडलेली काटेरी जाळी हाताने न उचलता कोयत्याच्या नाकाने ओढता येते, आणि फुरसे या विषारी सापाचा वावर असलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळसड्यांवर पाचोळ्यात हात घालण्यापेक्षा हे केव्हाही बरे. बांबू तोडताना कोयता आडवा न मारता तिरका मारतात आणि घाव पेराच्या गाठीच्या लगेच वर घालतात, म्हणजे उरलेल्या खुंटात पावसाचे पाणी साचत नाही. माणग्यासारख्या भरीव बांबूला मात्र हलका कोयता पुरत नाही. त्यासाठी पाठीला जाड असलेले पाते घ्यावे.

पोलादाच्या बाबतीत गावच्या लोहाराकडचा माल कमी समजण्याचे कारण नाही. पुष्कळ लोहार मालमोटारींच्या जुन्या कमानपाट्यांपासून कोयते घडवतात. या पोलादात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो आणि आघात सोसणाऱ्या हत्याराला तो योग्यच आहे. सगळी मदार पाणी पाजण्यावर असते. तापून लाल झालेले पाते पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून नंतर ते पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. ही पायरी गाळलेला कोयता पहिल्याच गाठीवर तुकडा टाकतो. पारख करताना धारेवर कानस फिरवून पाहावी : कानस नुसती घसरत असेल तर पाते फार कडक आहे, लोण्यात शिरावी तशी चावत असेल तर मऊ आहे, आणि थोडा जोर लावल्यावर पकडत असेल तर ठीक. पाठीवरून एका रेषेत नजर टाकली की पिळ कळतो. धार उजेडाकडे धरल्यावर कुठे पांढरी चकाकी दिसली, तर तिथे ती बोथट आहे.

मूठ आणि दांडा यांकडे गिऱ्हाईक कमी लक्ष देते. अपघात मात्र बहुधा तिथूनच होतात. धामणीचे लाकूड चिवट आणि लवचीक असल्याने दांड्याला उत्तम. पावसाळ्यात लाकूड फुगून डोके घट्ट वाटते आणि चैत्र-वैशाखात सुकून तेच सैल पडते. ते पाण्यात भिजवून घट्ट करणे हा दोन दिवसांचा इलाज आहे, पक्की पाचर ठोकणे हाच खरा. कोयत्याच्या मुठीला पात्याकडच्या टोकावर शेंबी (धातूचे कडे) असावी आणि मागे थोडा फुगवटा असावा, म्हणजे ओल्या हातातून मूठ सटकत नाही.

कोयत्याच्या जोडीला १० सेंमी. पात्याचा साधा चाकू असला की बारीक कामे भागतात. जाड वाळके ओंडके फोडायचे असतील तरच कुऱ्हाडीचे ओझे वाहावे.

खारी हवा आणि चार महिने टिकणारा दमटपणा यांमुळे कोकणात गंज लवकर चढतो. गंजरोधक पोलादही समुद्रकाठी सुटत नाही, त्यावर बारीक खड्डे पडतात. साध्या पोलादाला काम संपल्यावर पुसून खोबरेल लावले की पुरते. फणस कापण्याआधी पात्याला तेल लावण्याची घरोघरची रीत चिकापासून वाचण्यासाठी असली, तरी गंजालाही तिचा अटकाव होतो. चामड्याचे म्यान प्रवासात हवेच, पण ओले म्यान पात्याला रात्रीत डाग पाडते. म्हणून घरी हत्यार उघडे ठेवावे. कमरेच्या आकडीला कोयता अडकवण्याची जुनी पद्धत या दृष्टीने सोयीची आहे, मात्र आकडीतला कोयता घेऊन घसरणीची वाट उतरू नये. धार फारच खचली की कोयता लोहाराकडून शेवटून घेतात, म्हणजे धारेकडचा भाग तापवून, ठोकून पुन्हा पातळ करवून घेतात.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार केवळ घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू शस्त्रांत मोडत नाहीत, त्यामुळे शेतकऱ्याच्या कोयत्याला परवाना लागत नाही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या इतर धारदार हत्यारांना अधिसूचित क्षेत्रात तो लागू शकतो, आणि लढाईची कुऱ्हाड या वर्गात नावानिशी नमूद आहे. लष्करी घडणीचे टॉमहॉक घेताना ही बाब विचारात घ्यावी. फणसाड किंवा कर्नाळा यांसारख्या अभयारण्यांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून हत्यार नेता येत नाही.