उवा झालेल्या मुलीला शाळेतून घरी पाठवावे काय?

गोव्यातील पालकसभांत एक समज वर्षानुवर्षे ऐकू येतो: उवा अस्वच्छ घरांतून येतात, म्हणून त्या आढळलेल्या मुलीला त्याच दिवशी घरी पाठवावे. यातील एकही गोष्ट खरी नाही. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. एका पुस्तकावर वाकलेल्या किंवा चवथीच्या फुगडीसाठी जवळ आलेल्या मुलींचे केस एकमेकींना लागले, की ती सरपटत दुसऱ्या डोक्यात जाते, मग ते केस रोज धुतलेले असोत वा नसोत. पहिल्या वेळी खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागू शकतात, त्यामुळे ऊ दिसते तेव्हा ती बहुधा कित्येक दिवस वर्गात वावरलेली असते आणि उरलेले दोन तास मुलीला बाहेर काढून काहीच साधत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची अकादमीही अशा मुलांचे वर्ग बुडवू नयेत, असेच सांगते. शिक्षिकेने पालकांना खासगीत कळवावे; सर्वांदेखत वेण्या सोडून तपासणी करणे मला निर्दय वाटते. घरी ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवावी. डॉक्टरांनी दिलेले औषध बहुधा 7 ते 10 दिवसांनी पुन्हा लावावे लागते, कारण वाचलेल्या लिखा तोवर फुटतात. रॉकेल मात्र डोक्याला कधीही लावू नये. ते पेट घेते आणि त्वचा पोळते.