प्रतिकार थिजतो तेव्हा

लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि पुष्कळदा घरातही विचारले जाते, की तू आरडाओरडा का केला नाहीस. संकटात माणूस झुंजतो किंवा पळतो, हे त्यामागचे गृहीतक अपुरे आहे. सुटकेची वाट उरली नाही आणि शरीर जखडले गेले, की मध्यमेंदूतील चेतापेशींच्या एका प्राचीन यंत्रणेमुळे स्नायूंच्या ऐच्छिक हालचालीच थांबू शकतात. आवाज फुटत नाही, हातपाय ताठ किंवा बधिर होतात, मात्र शुद्ध हरपत नाही आणि काय घडते आहे ते कळत राहते. कोंबडी, ससा अशा प्राण्यांतही हीच भयजन्य निश्चलता आढळते.

स्टॉकहोममधील बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ७० टक्के स्त्रियांनी अशी लक्षणीय निश्चलता अनुभवली होती आणि सहा महिन्यांनंतर आघातोत्तर तणावविकार व तीव्र नैराश्य त्यांच्यातच अधिक दिसले. म्हणजे ज्यांना प्रतिकार करता आला नाही त्यांची इजा कमी नव्हती, उलट खोल होती.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, हे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ओळखले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असे म्हणत आरोपी पोलिसांना सोडले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ साल उजाडले. इतका उशीर अक्षम्य वाटतो.

स्वसंरक्षणाचे प्रशिक्षण निरर्थक आहे, असा याचा अर्थ नाही. कॅनडातील तीन विद्यापीठांत ओळखीच्या पुरुषाकडून असलेला धोका वेळीच ओळखणे आणि त्याला ठामपणे विरोध करणे शिकवल्यावर पुढील वर्षभरातील बलात्कारांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आल्याचे २०१५ मध्ये दिसून आले. पण प्रशिक्षण घेतलेली स्त्रीही थिजू शकते, आणि तो तिचा निर्णय नसतो.

घटनेनंतर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत, रुग्णालय गाठणे महत्त्वाचे आहे, कारण एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे त्यानंतर सुरू करून उपयोग होत नाही. सरकारी असो वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाला पीडितेचे प्रथमोपचार नाकारता येत नाहीत. ते विनामूल्यच द्यावे लागतात.