गॅस काढला म्हणून खताचा कस जात नाही

शेण, उसाचे पाचट किंवा साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळताना उरणारी मळी) यांपासून गॅस काढून घेतला की उरलेली स्लरी, म्हणजे पातळ रबडी, निकस होते, हा समज गोबर गॅसच्या काळापासून चालत आला असून तो चुकीचा आहे.

हवाबंद टाकीत जिवाणू सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात तेव्हा मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात, म्हणजे जातो तो प्रामुख्याने कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. नत्र, स्फुरद आणि पालाश ही पिकाची मुख्य अन्नद्रव्ये जवळजवळ पूर्णपणे स्लरीतच राहतात. उलट, नत्राचा काही भाग अमोनियम रूपात येत असल्याने पिकाला तो लवकर मिळतो. सेंद्रिय कार्बन घटतो हे खरे. मात्र सहज कुजणारा तो भाग उकिरड्यावरही हवेतच गेला असता, शिवाय पावसाच्या पाण्याबरोबर नत्रही वाहून गेले असते.

या समजाला बळ मिळाले ते बहुधा हाताळणीमुळे. स्लरी उन्हात पसरून वाळवली तर अमोनियाच्या रूपात नत्र उडून जाते आणि दोष मात्र गॅसला लागतो. ती ताजी असतानाच मातीत मिसळावी, किंवा पाचटासोबत कंपोस्ट खड्ड्यात मुरवावी.