पाठदुखीला कडक गादीच हवी?

"पाठ धरलीय? मग गादी काढ आणि फळीवर झोप." हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातोय, पूर्वी डॉक्टरही तोच द्यायचे. पण तो बरोबर नाही. 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या 313 जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. काहींना कडक गाद्या दिल्या, बाकीच्यांना मध्यम कडक. 90 दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडलेला दिसला.

कुशीवर झोपल्यावर खांदा आणि नितंब थोडे आत रुतायला हवेत. फळीवर ते रुतत नाहीत. कंबर अधांतरी राहते आणि खांद्यावर सगळा भार येतो. फार मऊ गादीत धडच मध्ये झोळीसारखं लोंबतं. तेही वाईटच.

लॅटेक्स (गाद्यांमधला एक रबरी फोम) मला इथे खरंच आवडतं: दाबलं तेवढं दबतं आणि लगेच वर येतं, त्यामुळे दुखऱ्या पाठीने कूस बदलणं सोपं जातं. पण लॅटेक्स म्हटलं की पाठीला चांगलंच, असंही नाही. त्यातही मऊ-कडक असे प्रकार असतात. वजनदार माणसाला जरा घट्ट घ्यावं, सडपातळ आणि कुशीवर झोपणाऱ्याला जरा मऊ. घेण्याआधी गादीवर नेहमीसारखं दहा-पंधरा मिनिटं पडा. कुशीवर असताना कुणाला तरी मागून बघायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत मणका सरळ रेषेत दिसला पाहिजे.

दुखणं पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल, तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टर गाठा.