एकदा नकार आला होता, आता ट्रान्सफरचा अर्ज करायचाय?

(अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठी माहितीपत्रक, सांगली कार्यालय)

बारावीनंतर हार्वर्ड, येल किंवा स्टॅनफर्डने नाकारले आणि तुम्ही सांगलीतच कॉलेज धरले, तरी ट्रान्सफरने, म्हणजे इथले शिक्षण अर्धवट असतानाच तिकडे प्रवेश घेण्यासाठी, पुन्हा अर्ज करता येतो. आधीचा नकार आड येत नाही. मात्र जुनाच अर्ज झाडून-पुसून पाठवू नका. तिथे विचारतात ते एवढेच: कॉलेजात आल्यावर काय केलेत, आणि जे शिकायचे आहे ते इथे का मिळत नाही? ‘आमचे कॉलेज चांगले नाही’ हे त्याचे उत्तर नव्हे. कोणता विषय, कोणती प्रयोगशाळा, कोणता अभ्यासक्रम, ते नेमके लिहा.

कधी करायचा? हार्वर्ड आणि येलची मुदत १ मार्च, स्टॅनफर्डची १५ मार्च. पहिल्या वर्षात अर्ज केला तर हातात एकाच सेमिस्टरचा निकाल असतो, त्यामुळे बारावीच्या गुणांवर बराच भार येतो. बारावीला कमी पडलेल्यांनी दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावे, असे आम्ही सांगतो. तोवर तीन सेमिस्टर दिसतात. त्यापुढे मात्र थांबू नका: दोन वर्षांहून जास्त शिक्षण झालेल्यांना हार्वर्ड घेत नाही.

अर्ज अडतो तो बहुतेक कागदपत्रांवर. कॉमन ॲपच्या (अनेक अमेरिकन विद्यापीठांसाठीच्या सामायिक ऑनलाइन अर्जाच्या) ट्रान्सफर अर्जात ‘कॉलेज रिपोर्ट’ असतो, तो प्राचार्य किंवा कार्यालयाने भरायचा. ‘मिड-टर्म रिपोर्ट’मध्ये चालू सेमिस्टरचे गुण शिक्षकांकडून लागतात. आपल्याकडे अंतिम परीक्षेआधी ग्रेड नसते, म्हणून अंतर्गत चाचण्यांचे गुण वापरा आणि तसे स्पष्ट लिहून घ्या. शिवाजी विद्यापीठाच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी (सर्व सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) डिसेंबरातच अर्ज करा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नाव आधी असेल, तर दोन्हींचा मेळ दाखवणारे पत्र कॉलेजकडून घ्या. प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रमही जपून ठेवा. क्रेडिट किती मिळणार, म्हणजे इथे झालेला अभ्यास तिकडे किती धरला जाणार, हे त्यावरच ठरते, नुसत्या विषयाच्या नावावर नाही.

शिफारसपत्राबाबत कळकळीने सांगतो. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सर म्हणाले, तर नम्रपणे नको म्हणा. तुमच्या निबंधाची आणि पत्राची भाषा एकच निघाली की दोन्हींवरचा विश्वास जातो. त्याऐवजी तुमचे प्रकल्प आणि वर्गातले दोन-तीन प्रसंग एका पानावर लिहून सरांना द्या. पत्र त्यांनी स्वतः, शक्यतो कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून अपलोड करावे.

पालकांसाठी: हार्वर्ड आणि येल आर्थिक गरज पाहून प्रवेश नाकारत नाहीत. स्टॅनफर्ड परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती पाहते, आणि अर्जावेळी मदत मागितली नाही तर पुढच्या वर्षांतही मागता येत नाही. म्हणून खर्चाचा आकडा घरात आधी ठरवा.

प्रवेशपत्र, आय-२० (व्हिसासाठी लागणारे, तिथल्या विद्यापीठाने दिलेले प्रमाणपत्र) आणि व्हिसा हातात येईपर्यंत इथला प्रवेश रद्द करू नका. एकही विषय मागे ठेवू नका.