नडगीचे खालचे टोक मोडते तेव्हा: आधी चौकट, मग प्लेट

नडगीच्या आतल्या अंगावरून बोट खाली फिरवत नेले, तर घोट्यापर्यंत हाड थेट कातडीखाली लागते. मध्ये स्नायूंची गादी नाही. पोटरीचे स्नायू इथवर येईतो कंडरांपुरतेच उरलेले असतात आणि हाडाच्या या भागाला रक्तही बेताचेच मिळते. उंचावरून पडल्यावर किंवा मोटारसायकलच्या अपघातात घोट्यातले टॅलस हे हाड खालून वर आदळते. त्या धक्क्याने नडगीच्या सांध्याकडच्या टोकाचे तुकडे होतात आणि वरची कातडीही आतून ठेचली जाते. एक्स-रेवर फक्त तुकडे दिसतात. खरी अडचण कातडीची असते.

पूर्वी अशा रुग्णाला दाखल झाल्याबरोबर हाडावर धातूची प्लेट बसवण्याकडे कल असे. सुजलेल्या कातडीवर चीर दिली की टाके ताणावर बसत, कडा काळ्या पडत, जखम उकले आणि प्लेट उघडी पडे. मग हाडात जंतुसंसर्ग होई आणि काहींना पाय गमवावा लागे. 1999 मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी टप्प्याटप्प्याने केलेल्या उपचाराचे (आधी पायाबाहेर पिना-रॉडची चौकट, सूज उतरल्यावर प्लेट) निकाल प्रसिद्ध केले, त्यांत असा गंभीर संसर्ग बराच कमी होता. ‘दोन ऑपरेशन कशाला?’ असे नातेवाईक विचारतात. त्याचे कारण हेच आहे.

पहिल्या टप्प्यात मोडलेल्या जागेला हातच लावत नाहीत. नडगीच्या वरच्या, धड भागात 5 मिमी जाडीच्या दोन पिना बसवतात. आधी 3.5 मिमी ड्रिलने भोक पाडायचे आणि ड्रिलवर सलाईन सोडत राहायचे. बोथट ड्रिल जोरात फिरवले तर हाड भाजते, भोकाभोवतीची कडी मरते आणि काही आठवड्यांत पिन ढिली होऊन पू येतो. पिना पुढे प्लेट येणार आहे त्या पट्ट्यापासून दूर असाव्या लागतात, नाहीतर पिनेच्या वाटेने आलेले जंतू प्लेटपर्यंत पोहोचू शकतात.

तिसरी पिन टाचेच्या हाडातून आरपार जाते, आणि तीही आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे. आतल्या बाजूने मुख्य रक्तवाहिनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून पिनेची जागा तिथे नीट निवडून सुरुवात करतात. मग टाच खाली ओढून पायाची लांबी परत मिळवतात, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारे यंत्र) पुढून आणि बाजूने तपासतात आणि दोन्ही बाजूंचे रॉड क्लॅम्पने आवळतात. त्रिकोणी चौकट तयार होते. पाऊल खाली लोंबून तसेच आखडू नये म्हणून पुष्कळदा पावलाच्या हाडातही 4 मिमीची पिन घालतात.

सीटी स्कॅन चौकट लावल्यानंतर काढावा. ओढ बसल्यावर तुकडे मोकळे होतात आणि कुठला कुठे बसवायचा ते कळते. आधी काढलेल्या स्कॅनमध्ये नुसता ढीग दिसतो.

त्यानंतर पाय उंच ठेवून वाट पाहायची. कातडीवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसू लागल्या आणि फोड सुकले की दुसरे ऑपरेशन करता येते. याला बहुधा 7 ते 14 दिवस लागतात. तीन आठवड्यांपलीकडे गेले तर तुकडे चिकटू लागतात आणि जुळवणे अवघड होते. या काळात औषधालाही न जुमानणारी, पायाची बोटे हलवून पाहिली की वाढणारी कळ आली तर सकाळची वाट पाहू नये. पोटरीच्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्याची ती खूण असू शकते आणि स्नायू काही तासांत मरतात.

कातडी सुधारतच नाही, जखम उघडी आहे किंवा मधुमेह आटोक्यात नाही, अशा वेळी प्लेटऐवजी पायाभोवती गोल कड्या असलेली रिंगची चौकटच शेवटपर्यंत ठेवणे जास्त सुरक्षित. सायबेरियातल्या कुर्गान शहरात सर्जन गाव्रिल इलिझारोव्ह यांनी 1950 च्या दशकात ही पद्धत घडवली. 1.8 मिमीच्या तारा हाडातून आरपार घालून रिंगवर सुमारे 130 किलोच्या ताणाने खेचतात. ताणामुळेच त्या बारीक तारा वजन पेलतात. सगळ्यात खालची तार सांध्याच्या रेषेपासून दीड सेंटिमीटर तरी वर हवी. त्याखाली सांध्याचे आवरण असते. तारेवरचे जंतू तिथे शिरले तर सांध्यात पू होतो.

पिनेभोवती थोडी लाली आणि स्राव बऱ्याच जणांना येतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सलाईनने किंवा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने स्वच्छता करावी, खपली नखाने ओढू नये. हळद, तेल, राख काहीही लावू नये. पिनेला हात लावताच दुखत असेल, ती हलत असेल किंवा पू येत असेल तर दाखवावे. बऱ्याचदा तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकवर भागते, ढिली पिन मात्र काढावीच लागते. विडी, सिगारेट आणि तंबाखू बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथे रक्त मुळातच कमी.

हाड जुळायला तीन ते सहा महिने, कधी जास्तही लागतात. रिंग काढण्याआधी रॉड सैल करून रुग्णाला काही दिवस चालवून बघतात. दुखले नाही आणि एक्स-रेत हाड वाकले नाही, तरच चौकट निघते. पिनांची भोके भरेपर्यंत ते हाड अजून नाजूकच असते, त्यामुळे पुढचे काही आठवडे कुबडी सोडायची नाही.