पडवीतली वंशावळ

पट्टीचा पोहणारा पोरगा डोहात सूर मारतो आणि वर येतच नाही. कोकणात असं झालं की पहिला संशय जातो जागेवर. डोहच वाईट, राखणदाराचं काहीतरी राहिलं असणार. हृदयाच्या डॉक्टरला मात्र वेगळाच प्रश्न पडतो: याच्या बहिणीला कधी घेरी आलीय का?

'लाँग क्यूटी' नावाचा आनुवंशिक दोष साधारण २००० माणसांत एकाला असतो. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी विजेच्या दृष्टीने पूर्वपदावर येतात. या दोषात त्याला जास्त वेळ लागतो. तेवढ्यात नको तिथे ठोका पडला की लय तुटते, हृदय नुसतं थरथरतं. एका प्रकारात पोहणं निमित्त होतं, दुसऱ्यात दचकवणारा आवाज, अगदी पहाटेचा गजरसुद्धा. मेंदूचं रक्त थांबलं की झटके येतात आणि घरचे म्हणतात, फेफरं आलं. मग वर्षानुवर्षं फेफऱ्याच्या गोळ्या, ईसीजी एकदाही नाही.

हृदय बंद पडल्यावर शॉक मिळेपर्यंत कुणी छातीही दाबली नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते. तालुक्याचं हॉस्पिटल कुठे नि आपली वाडी कुठे! म्हणून छाती दाबणं वाडीतच कुणाला तरी यायला हवं.

त्यातून वाचून घरी आलेल्या पोराचं पुढे काय, हे फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेसुद्धा बरं होण्याचा काळ ही जीव वाचवण्याच्या साखळीची सहावी कडी म्हणून जोडली ती २०२० साली. पोरगा जेवला की नाही ते विसरतो, चिडतो, दुपारपर्यंत गळून जातो. मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नव्हता, त्याचा हा परिणाम; पण शेजारी म्हणतात, आळशी झालाय. कॉलरबोनखाली बसवलेलं शॉकचं यंत्र कधी दणका देईल, याची त्याला धास्ती. आई रात्री उठून त्याची छाती हलतेय का बघते. ज्या भावाने छाती दाबली, त्याला बरगडी मोडल्याचा आवाज अजून ऐकू येतो. त्याची विचारपूस कोण करतं?

आणि तपासायचं तर सगळं घरच. बहुतेक प्रकारांत प्रत्येक सख्ख्या भावंडाला तोच दोष असण्याची शक्यता निम्मी. पोरगा दगावला असेल तर शवविच्छेदनात हृदय अगदी निरोगी दिसू शकतं. जनुक तपासणीसाठी थोडं रक्त राखून ठेवलं तरच काही कळायची आशा. ईसीजी एकदा बरा आला म्हणून सुटलो, असंही नाही. पळवून, पुन्हा काढून बघावा लागतो. सापडलाच दोष, तर अनेकांना रोजच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी पुष्कळ संरक्षण मिळतं. पण 'सोयरीक मोडेल' म्हणून लोक तोंड उघडत नाहीत. मला याचाच जास्त राग येतो.

गणपतीत सगळे भाऊबंद एका पडवीत जमतात. गेल्या वर्षी मी वहीत तीन पिढ्यांची वंशावळ काढली: चाळिशीच्या आत अचानक कोण गेलं, कोण बुडालं, कोण पडायचं. कुणी बोलेना. शेवटी काकी वाती वळता वळता म्हणाली, "तुझी थोरली आते आरतीत झांजा सुरू झाल्या की धाडकन पडायची. आम्ही म्हणायचो, अंगात येतं तिच्या."